आईच्या होकाराची वाट पाहू नका

पत्र

ताई,

मी 38 वर्षांची आहे. नऊ वर्षांच्या संसारातून बाहेर पडले, त्याला आता तीन वर्षं झाली. नवऱ्याने मारलं ते दोन-तीन वेळाच. बाकी सगळं वेगळंच होतं. फोन तपासायचा, पगाराचं कार्ड स्वतःकडे ठेवायचा, मैत्रिणीशी बोलले की आठवडाभर अबोला, कधी रात्री दाराबाहेर उभं करायचा. ऑफिसात मी दहा माणसांची टीम सांभाळते, बैठकीत कुणालाही उत्तर देते. पण घरी तो अंगावर आला की मी दगडासारखी उभी राहायचे. कधी ओरडलेसुद्धा नाही.

आता सगळे म्हणतात, किती खंबीर आहेस. पण लिफ्टमध्ये मागून कुणी आलं तरी छातीत धडधडतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. समुपदेशक बाईंनी हा ट्रॉमा आहे असं सांगितलं. तेव्हापासून स्त्रीवादी मानसशास्त्रातलं मिळेल ते वाचते आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "हे घराघरात होतं. आम्हीही सोसलं, आम्हाला नाही झाला कुठला ट्रॉमा. तुम्ही शिकलात, कमावता, तरी तुम्हालाच सगळं होतं." संशोधनातही वाचलं की बायकांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट असतं. म्हणजे आई म्हणते तेच खरं का, आम्हीच कमकुवत? तिला पटावं म्हणून मी लेख जमवलेत, बसून वाचून दाखवणार आहे.

आणि मी आता नक्की कोण? ऑफिसातली ती, की दारात दगड झालेली ती? मुलगी अकरा वर्षांची आहे, तिलाही काय सांगायचं ते कळत नाही.

— एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

लेख वाचून दाखवू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सविस्तर देते, पण हे आधी सांगायला हवं. तुम्ही सगळी तयारी करून आईंसमोर बसाल आणि त्या आधी म्हणाल्या तेच पुन्हा म्हणाल्या, तर त्याची इजा तुम्हाला होईल. हे मी तुम्ही वाचताय त्याच विषयातल्या अभ्यासांच्या आधाराने म्हणते आहे. त्याकडे येतेच.

आधी एक शंका, जी तुम्ही सरळ विचारलेली नाही, पण "मारलं ते दोन-तीन वेळाच" या वाक्यात ती बसलेली आहे. एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं नाव द्यायचं का?

ही शंका मानसशास्त्रालाही होती आणि ती जायला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, पहिल्यांदा नोंदवला. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. आघात कशाला म्हणायचं? तर सर्वसाधारण मानवी अनुभवाच्या पलीकडे असलेल्या घटनेला, असं त्यात ठरलं. लढाई, भूकंप, विमान कोसळणं. घरातल्या बंद दारामागे आठवड्यातून चार दिवस जे घडतं ते या मापात बसणार कसं? 1991 साली लॉरा ब्राउन या स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं यावर बोट ठेवलं. सर्वसाधारण अनुभव म्हणजे कुणाचा, असा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना घरात सहसा भीती वाटत नाही अशांचं आयुष्य मोजपट्टी म्हणून धरलं, तर मुलींवर आणि बायकांवर वारंवार होणारी हिंसा "नेहमीचंच" म्हणून मापाबाहेर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगात जवळपास 3 पैकी 1 स्त्री आयुष्यात कधीतरी जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, किंवा इतर कुणाची लैंगिक हिंसा सोसते. इतकं सर्रास घडणारं दुःख सर्वसाधारण अनुभवाच्या बाहेरचं कसं असेल? 1994 च्या चौथ्या आवृत्तीतून ती अट काढून टाकली गेली.

आता तुमच्या आईंचं वाक्य त्या जुन्या व्याख्येशेजारी ठेवून बघा. "हे घराघरात होतं." म्हणजे सगळ्यांना होतं, म्हणून ती इजा नाही. तज्ज्ञांनी पुस्तकात छापलं होतं तेच तुमच्या आईंनी घरात मानलं. त्यांना एकट्याला दोषी धरण्याआधी हे लक्षात घ्या, की शिकल्यासवरल्या माणसांचं एक अख्खं शास्त्र त्याच समजुतीवर चाललं होतं.

आणि मार किती वेळा पडला यावरून तुमच्या नऊ वर्षांचं वजन ठरत नाही. कार्ड काढून घेणं, फोन तपासणं, मैत्रिणी तोडणं, दाराबाहेर उभं करणं या सुट्या सुट्या कुरबुरी नाहीत. त्या एकत्र येऊन माणसाची हालचाल, पैसा आणि नाती ताब्यात घेतात. इव्हान स्टार्क या अभ्यासकाने 2007 साली हाच मुद्दा सविस्तर मांडला. अशा संसारात मार हे एक हत्यार असतं आणि ते फारसं वापरावं लागत नाही, कारण बाकीची व्यवस्थाच पुरेशी असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने जोडीदारावरचं असं सततचं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याआधी 1992 साली ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी असा आग्रह धरला होता, की एका घटनेने होणारी जखम आणि सुटका नसलेल्या जागी वर्षानुवर्षं राहून होणारी जखम यांत फरक आहे. दुसरीत माणसाची स्वतःबद्दलची ओळखच वाकते. त्यांनी तिला गुंतागुंतीचा आघात-विकार म्हटलं. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हे निदान आलं आणि ती आवृत्ती 2022 पासून लागू झाली. तुम्हाला नेमकं कोणतं निदान लागू होतं हे तुमच्या समुपदेशक बाई किंवा डॉक्टर ठरवतील, पत्र वाचून मी ते करणार नाही. पण "एवढ्याशा गोष्टीला" हा विचार तुम्ही आता सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

दगड होण्याबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लाज या ओळीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जिवाला धोका वाटला की शरीर लढतं किंवा पळतं, हे आपण शाळेत शिकतो. तिसरी गोष्ट शिकवत नाहीत. लढणं आणि पळणं दोन्ही अशक्य आहे असं शरीराने ठरवलं की ते थिजतं. हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, आणि शुद्ध मात्र पूर्ण असते. प्राण्यांमध्ये हे फार आधीपासून नोंदवलेलं आहे. माणसांबद्दलचा एक ठळक अभ्यास स्टॉकहोममधला आहे. 2017 साली प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर महिन्याभराच्या आत तिथल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांना हल्ल्याच्या वेळी शरीराचं काय झालं ते विचारलं. 70 टक्के स्त्रिया लक्षणीय प्रमाणात थिजलेल्या होत्या, 48 टक्के अगदी टोकाच्या. ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात सहा महिन्यांनी ताणविकार आणि तीव्र नैराश्य जास्त आढळलं. म्हणजे प्रतिकार केला नाही यावरून "फारसं काही झालं नसेल" असा जो अंदाज लोक बांधतात, तो उलटा आहे. तुमचा प्रसंग वेगळा आहे हे मला ठाऊक आहे. पण अंगावर येणारा माणूस, बंद घर आणि शेजारच्या खोलीत झोपलेली मुलगी या तिन्हींचा हिशेब तुमच्या शरीराने क्षणात केला. तुम्हाला विचारून केला नाही.

बैठकीत तुम्ही बोलता, कारण तिथे बोलल्यावर जास्तीत जास्त वाद होतो. दोन्ही ठिकाणी बाई एकच होती, परिस्थिती वेगळी होती. हल्ल्यानंतर शांत दिसणाऱ्या बाईवर विश्वास न ठेवण्याचीही जुनी खोड आहे. 1972-73 मध्ये बॉस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात अॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, अत्याचार झालेली बाई तातडीच्या विभागात आली की फोन येताच तिथे जात. 92 प्रौढ स्त्रियांशी त्या बोलल्या. काही रडत होत्या, थरथरत होत्या. पण जवळपास तितक्याच जणी शांत, आवरलेल्या, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या होत्या. पुढे झोप उडणं, भीती, घर बदलणं हे दोन्ही गटांत होतं. या दोघींचं 1974 चं लेखन निघालं तेव्हा पीटीएसडी हे निदान पुस्तिकेत यायला अजून सहा वर्षं होती. अत्याचारानंतर काय होतं याची नोंद एका परिचारिकेने खाटेशेजारी बसून आधी केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता दुपटीचा प्रश्न. तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण अर्धं आहे.

1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत 10.4 टक्के स्त्रियांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेला होता, पुरुषांमध्ये 5 टक्के. त्याच पाहणीत आयुष्यात एखादा तरी आघात सोसलेल्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त होतं, 60.7 टक्के विरुद्ध 51.2. एवढंच वाचून कुणीही म्हणेल की बायका कमकुवत. पण आघातांची जात पाहा. पुरुषांच्या वाट्याला अपघात, मारामारी, शस्त्राचा धाक, दुसऱ्याचा मृत्यू पाहणं हे जास्त आलं होतं, स्त्रियांच्या वाट्याला बलात्कार, लैंगिक छळ, बालपणीची हिंसा. आणि बलात्कार हाच आपला सर्वांत वाईट अनुभव असं सांगणाऱ्यांमध्ये 45.9 टक्के स्त्रियांना पीटीएसडी झाला होता, पुरुषांपैकी 65 टक्क्यांना. असं सांगणारे पुरुष थोडे होते, त्यामुळे तो आकडा फार ताणू नये. तरी पुरुषाचं मन मुळातच जास्त चिवट असतं, या समजुतीला त्यातून काही आधार मिळत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आघाताच्या प्रकाराने सगळा फरक भरून निघत नाही. काही उरतो. त्या उरलेल्या भागाचा माग काढणारा एक अभ्यास आहे आणि तुमच्या पत्राचं उत्तर देताना तोच माझ्या डोक्यात होता. बर्निस अँड्र्यूज, ख्रिस ब्रूइन आणि सुझॅना रोझ या संशोधकांनी हिंसक गुन्ह्याला बळी पडलेल्या स्त्रिया आणि पुरुष यांची चौकशी केली. 2003 साली तो अभ्यास आला. आधार मिळण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नव्हता. पण घरच्यांकडून, मित्रमैत्रिणींकडून मिळालेले दुखावणारे प्रतिसाद स्त्रियांना जास्त आले होते: दोष देणं, उडवून लावणं, "पुरे आता". सहा महिन्यांनी स्त्रियांमध्ये जो जास्तीचा पीटीएसडी दिसला, त्याचा काही भाग या प्रतिसादांनी उलगडत होता.  त्याआधी 2000 साली ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी 77 अभ्यास एकत्र करून पाहिले होते. पीटीएसडी कुणाला होईल हे सांगणाऱ्या घटकांमध्ये, आघातानंतर आधार नसणं हा सर्वांत प्रभावी घटकांपैकी एक निघाला.

थोडक्यात, घटनेनंतर जवळची माणसं काय म्हणतात हे घटनेच्या बाहेरचं नसतं. ते जखमेतच मिसळतं. म्हणून बायका कमकुवत असतात का, या प्रश्नाऐवजी बायकांना नंतर काय ऐकवलं जातं हे विचारायला हवं. आणि म्हणूनच मी म्हणते, लेख घेऊन आईंकडे जाऊ नका. त्या तुमच्या लाडक्या आहेत, म्हणून त्यांचा "नाही" परक्याच्या नकारापेक्षा खोल जाईल. कागदावरचे आकडे पाहून त्या बदलतील अशी शक्यता कमी आहे, कारण त्यांचा आक्षेप आकड्यांना नाही.

त्यांचा आक्षेप कशाला असेल? मी त्यांना ओळखत नाही, म्हणून जपून लिहिते. जेनिफर फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात विश्वासघाताच्या आघाताची कल्पना मांडली. ज्याच्यावर आपलं अन्न, छप्पर, मुलं अवलंबून आहेत त्यानेच घात केला, तर तो घात पूर्णपणे ओळखणं परवडत नाही. ओळखला तर एकतर भिडावं लागेल किंवा निघून जावं लागेल, आणि दोन्ही वाटा बंद असतील तर न ओळखणं हाच जगण्याचा मार्ग उरतो. या मांडणीतला विस्मरणाचा भाग संशोधकांमध्ये वादाचा आहे. पण जिला जायला जागा नव्हती तिने डोळेझाक केली, हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. डाना जॅक या बाईंनी नैराश्यातल्या स्त्रियांचं ऐकून 1991 साली स्वतःला गप्प करण्याविषयी लिहिलं. नातं टिकावं म्हणून बाई आपला राग गिळते, बाहेरून समजूतदार दिसते, आतून दुभंगते. तुमच्या आईंच्या हातात स्वतःचा पगार होता का? निघायचं म्हटलं असतं तर कुणी घरात घेतलं असतं का? "आम्हाला नाही झाला" हे वाक्य अहवाल म्हणून ऐकलं तर खोटं वाटेल. पण त्यांनी चाळीस वर्षं ज्याच्या जोरावर दिवस काढले त्याचा ते भाग असू शकतं. तुम्ही लेख वाचून दाखवलेत तर त्या कागदांतून त्यांना काय ऐकू येईल? की तू सोसलंस ते सोसायला नको होतं, तू निघू शकली असतीस, आणि मलाही तू तेच शिकवलंस. तुमच्या मनात यातलं काही नसलं तरी.

त्यांच्या वाक्याच्या शेवटच्या भागात मला थोडा हेवाही ऐकू येतो. "तुम्ही शिकलात, कमावता." तो हेवा वाईट नाही. समाज बदलतो तेव्हा आई आणि मुलगी एकाच घरात राहून वेगवेगळ्या काळात जगतात. मुलगी निघू शकते हे पाहून आईला आनंद होतो, आणि आपलं आयुष्य आठवून त्याच क्षणी टोचतंही.

मग बोलायचंच नाही का? बोला, पण वेगळं. ग्वाटेमालात 1960 ते 1996 असं यादवी युद्ध चाललं आणि माया लोकांवर भयंकर अत्याचार झाले. चाहुल नावाच्या गावात ब्रिंटन लाइक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माया इशिल स्त्रियांबरोबर काम केलं. त्यांनी प्रश्नावली घेऊन प्रत्येकीला तुला काय त्रास झाला असं विचारलं नाही. वीस स्त्रियांनी कॅमेरे घेतले, स्वतःच्या आणि शेजारणींच्या आयुष्याचे फोटो काढले, एकत्र बसून त्यांच्यावर बोलल्या, लिहिलं. 2000 साली त्याचं पुस्तक झालं. त्यात युद्ध आहे, गरिबी आहे, आणि रोजचं जगणं, बायकांचं काम, त्यांची उमेदही आहे. आपली गोष्ट त्यांनी स्वतः रचली. तुमच्या आईंना ट्रॉमा झाला होता की नाही हे ठरवायला तुम्ही बसूच नका. जुने फोटो काढा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष कसं गेलं, पैसे कुणाकडे असायचे, कुणाशी मन मोकळं करायचीस, हे विचारा. त्या सांगतील तेवढं ऐका. त्या बोलल्याच नाहीत तर तेही चालेल. मात्र त्या तुमच्या दुःखाला उडवून लावू लागल्या तर तिथे थांबण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे: "आई, यावर आत्ता नको बोलूया." एवढं म्हणून उठा. आईंना समजून घेणं म्हणजे त्यांचे घाव झेलत राहणं नव्हे.

ऐकणारी माणसं दुसरीकडे शोधा. या विषयाचा इतिहासही तेच सांगतो. जानेवारी 1971 मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्त्रीवादी गटाने बलात्कारावर उघड बोलण्याची सभा घेतली. त्याआधी छोट्या गटांत बायका एकमेकींशी बोलत होत्या, आणि माझ्या एकटीचं असं वाटणारं सगळ्यांचं आहे हे त्यांना तिथे कळत होतं. संशोधन त्यांच्या मागून आलं. वडीलधाऱ्यांनी मान्य करावं म्हणून त्या थांबल्या असत्या तर आज तुमच्या समुपदेशक बाईंकडे तुम्हाला द्यायला शब्दच नसता. घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा एखादा आधारगट तुमच्या आवाक्यात असेल तर जाऊन बसा. पहिल्यांदा नुसतं ऐका.

"मी नक्की कोण?" यावर माझं एक ठाम मत आहे. या दोघींतली एक निवडू नका.

बर्न्ट्सेन आणि रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक मोजपट्टी तयार केली. आयुष्यातली एखादी कटू घटना माणूस आपल्या ओळखीच्या किती मधोमध ठेवतो, ते ती मोजते. घटना जितकी मधोमध, तितकी आघाताची लक्षणं जास्त, असं दिसलं. पुढच्या अभ्यासांत असंही आढळलं की मधोमध ठेवणाऱ्यांपैकी काहींना त्यातून नवा अर्थही सापडतो. तेव्हा ती घटना विसरा असं मी म्हणणार नाही, आणि विसरता येणारही नाही. पण स्वतःकडे बघायचा एकमेव झरोका ती होऊ देऊ नका. स्त्रीवादी मानसशास्त्रातच याबद्दल सावध करणारे आवाज आहेत. जीन मारेसेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1999 साली दाखवलं, की स्त्रीवादी समुपदेशकसुद्धा कधीकधी बाईचं प्रत्येक दुःख आघाताच्या एकाच साच्यात ओततात. मग तिचा कंटाळा, तिची महत्त्वाकांक्षा, तिचं प्रेम, सगळ्याचं उत्तर एकच निघतं. मला ही टीका पटते. तुमच्या चिडण्यामागे कधी खरोखर वाईट बॉस असेल. त्याला ट्रॉमा म्हणू नका.

दुसरा साचा "खंबीर". तो मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्याला टाळ्या मिळतात. 1970 साली इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी 79 मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं होतं, निरोगी पुरुष कसा, निरोगी स्त्री कशी, निरोगी प्रौढ व्यक्ती कशी? निरोगी प्रौढ आणि निरोगी पुरुष यांची वर्णनं जुळली, निरोगी स्त्रीचं नाही. म्हणजे बाईने प्रौढासारखं वागावं तर ती बाई म्हणून बिघडलेली, आणि बाईसारखं वागावं तर प्रौढ म्हणून अपुरी. आज काय बदललं? अॅलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी 1946 ते 2018 या काळातल्या अमेरिकेतल्या 16 जनमत चाचण्या, तीस हजारांहून अधिक लोक, एकत्र तपासल्या. स्त्रिया पुरुषांइतक्याच सक्षम आहेत हे मत खूप वाढलं. पण प्रेमळपणा, सांभाळून घेणं हे बायकांचंच, हे मत कमी व्हायच्या ऐवजी तेही वाढलं. ती चाचणी एका देशाची आहे, पण तुमच्या पत्रात मला तेच दिसतं. पगार तुम्ही आणायचा, टीम तुम्ही चालवायची, आणि घरातला माणूस बिथरला तर सांभाळूनही तुम्हीच घ्यायचं. जुनं ओझं उतरलं नाही, त्यावर नवं चढलं. असं असताना पहाटे तीनला जाग आली तर कुणाला सांगणार? खंबीर बाईला जाग येत नसते, असं लोकांना वाटतं. निदान एका माणसाला, समुपदेशक बाई धरून, तुमचं खंबीर नसणं दिसू द्या.

उपचारांबद्दल थोडक्यात. बाईंना स्पष्ट विचारा: तुम्ही आघातावर केंद्रित उपचार करता का? जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात प्रौढांमधल्या पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित वर्तन-बोधात्मक उपचार (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणी हाताळण्याची पद्धत) यांची शिफारस केली आहे. पॅट्रिशिया रेसिक यांनी बलात्कारातून गेलेल्या स्त्रियांसाठी तयार केलेली एक पद्धतही चांगली तपासलेली आहे. तीत "मी ओरडले नाही म्हणजे चूक माझीच" यांसारखी मनात अडकलेली वाक्यं शोधून एकेक पडताळतात. एका बैठकीत सगळं ओकून टाकायचा आग्रह कुणी धरला तर मान्य करू नका. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीने पीटीएसडी टळत नाही, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. आधी सुरक्षितता, मग आठवणी. जीव नकोसा होण्याचे विचार आले तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मुलीला खरं सांगा, पण तिच्या वयाला झेपेल एवढंच. "बाबा माझ्याशी असं वागायचे की मला भीती वाटायची. असं कुणी कुणाशी वागू नये. म्हणून आपण वेगळे राहतो. यात तुझी काही चूक नाही." दाराबाहेरच्या रात्रींचा तपशील तिला देऊ नका आणि तुमची मैत्रीण व्हायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. तिने त्या रात्री काही ऐकलं असण्याची शक्यता आहे. तिने विषय काढला तर "तू झोपली होतीस" असं म्हणून तिचं ऐकलेलं खोडू नका, तिला काय आठवतं ते आधी सांगू द्या. तिला बाबांना भेटायचं असेल तर तो प्रश्न तिच्या इच्छेएवढाच तुम्हा दोघींच्या सुरक्षिततेचाही आहे. ते वकिलांशी आणि समुपदेशक बाईंशी बोलून ठरवा, आणि ठरेपर्यंत तिला सांगा की आई यावर विचार करते आहे.